महाविद्यालयात मूडल वापरताना: सर्व्हरपासून प्रश्नपेढीपर्यंत

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांनी जे हाताशी आले त्यावर शिकवले: व्हॉट्सअ‍ॅपचे गट, झूमवरचे तास, गूगल फॉर्मवरच्या चाचण्या. त्याने वेळ निभावून नेली, हे मान्यच करायला हवे. पण त्या काळात तयार झालेले प्रश्न, टिपणे आणि विद्यार्थ्यांचे गृहपाठ आज शोधायला गेले, तर ते कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात किंवा नोकरी सोडून गेलेल्या शिक्षकाच्या ड्राइव्हवर अडकलेले असतात. शिवाय फुकट मिळणाऱ्या सेवेच्या अटी ती देणारी कंपनी ठरवते. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण जुलै २०२२ पासून संपवून संस्थेतल्या सर्व खात्यांना मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घातली, तेव्हा त्याबाबत संस्थांना काही म्हणता आले नाही. मुक्तस्रोत म्हणजेच ओपन सोर्स, ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे, व्यासपीठ स्वीकारण्याचे खरे कारण इथे आहे. पैशाची बचत होते, पण ती दुय्यम. शिकवण्यातून जे साहित्य तयार होते ते संस्थेच्या ताब्यात राहते, ही मुख्य गोष्ट. मात्र ताबा आला की सांभाळण्याची जबाबदारीही येते आणि बहुतेक प्रयोग तिथेच फसतात. म्हणून मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या मुक्तस्रोत व्यासपीठाविषयीच्या या मार्गदर्शनात कुठले बटण कुठे आहे यापेक्षा कोणते निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत, यावर भर दिला आहे.

कोणते व्यासपीठ निवडावे

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन दुगियामास यांनी मूडलची पहिली आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ते जीपीएल परवान्याखाली मिळते, म्हणजे कोणतीही संस्था ते विनाशुल्क उतरवून घेऊ शकते, बदलू शकते आणि हव्या तितक्या विद्यार्थ्यांसाठी चालवू शकते. आयआयटी मुंबईत अभ्यासक्रमांसाठी मूडलच वापरले जाते. २०१३ मध्ये खुले झालेले ओपन एडेक्स हा दुसरा मोठा पर्याय आहे आणि आयआयटी मुंबईचे आयआयटीबॉम्बेएक्स हे व्यासपीठ त्यावरच उभे राहिले. परंतु त्याची रचना हजारो अनोळखी विद्यार्थ्यांना एकच अभ्यासक्रम देण्यासाठी केलेली आहे आणि ते बसवायला व चालवायला जास्त जाणकार माणूस लागतो. कॅनव्हास या तिसऱ्या व्यासपीठाची मुक्तस्रोत आवृत्तीही चांगली आहे. तरीही दोन-तीन हजार विद्यार्थी, संगणक विभागातला एखादा उत्साही प्राध्यापक आणि एक प्रयोगशाळा साहाय्यक एवढ्या बळावर चालणाऱ्या महाविद्यालयाने मूडलच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते साध्या लिनक्स सर्व्हरवर चालते, अडचण आली तर उत्तर देणारे लोक भरपूर सापडतात, त्याचा काही भाग मराठीत भाषांतरित झालेला आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याच्यावर स्वतंत्र पाठमालाही आहे.

बसवण्याआधी लेखी ठरवायच्या गोष्टी

प्राचार्यांच्या सहीने एक छोटे कार्यालयीन टिपण काढावे आणि त्यात तीन गोष्टी नावानिशी लिहाव्यात: सर्व्हरची देखभाल कोण करणार, त्याच्या गैरहजेरीत कोण करणार, आणि मुख्य प्रशासकाचा पासवर्ड कार्यालयात कुठे सीलबंद राहणार. ही औपचारिकता वाटेल, पण तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्षाअखेर निघून जातात, प्रयोगशाळा साहाय्यकाची बदली होते आणि मग चालू व्यासपीठाची किल्लीच कुणाकडे नसते. डोमेनचे म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण आणि सर्व्हरचे भाडे या दोन खर्चांची तरतूदही त्याच वेळी अंदाजपत्रकात करावी.

सर्व्हर महाविद्यालयातच ठेवायचा की भाड्याने घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या गावातल्या विजेवर आणि इंटरनेटवर अवलंबून आहे. भारनियमन असेल किंवा बाहेरून येणारी जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर भाड्याचा क्लाउड सर्व्हर बरा. आवृत्ती निवडताना दीर्घकालीन आधार असलेली घ्यावी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ४.५ या आवृत्तीला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण प्रत्येक आवृत्तीच्या मागे धावण्याची गरज नाही. सुरक्षा दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी चढवाव्यात आणि मोठे स्थलांतर उन्हाळ्याच्या सुट्टीत करावे.

मूडल सुरू झाल्यावर चार गोष्टी लगेच तपासाव्यात. पहिली म्हणजे वेळ: सर्व्हरची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर नसेल, तर सकाळी अकराला उघडायची चाचणी दुपारी साडेचारला उघडते. दुसरी म्हणजे क्रॉन नावाचे पार्श्वभूमीतले काम, जे दर मिनिटाला चालले पाहिजे. ते बंद असेल तर व्यासपीठ वरवर ठीक दिसते, पण सूचनांचे मेल जात नाहीत आणि अनेक नोंदी अद्ययावत होत नाहीत. तिसरी म्हणजे फाइलचा आकार: मूडल ज्या संगणकभाषेत लिहिले आहे त्या पीएचपीची मूळ मर्यादा अवघी २ मेगाबाइट असते आणि फोनवर काढलेल्या वहीच्या चार पानांची पीडीएफ ती सहज ओलांडते. चौथी म्हणजे एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते आणि मूडलच्या फोन अ‍ॅपसाठी ते हवेच.

विद्यार्थ्यांची यादी चढवताना

विद्यार्थ्यांनी आपापली खाती उघडावीत, असे कधीही ठेवू नये. त्यातून एकाच मुलीची तीन खाती, टोपणनावे आणि ओळखू न येणारे मेल पत्ते तयार होतात. प्रवेश विभागाकडून यादी घ्यावी, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) हेच वापरकर्त्याचे नाव ठेवावे आणि सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या यादीतून, सर्व खाती एकदम तयार करावीत. फाइलच्या पहिल्या ओळीतली स्तंभांची नावे मूडलला जशी हवीत तशीच, इंग्रजी लहान अक्षरांत लिहावी लागतात.

इथे एक सापळा आहे आणि त्यात फार लोक अडकतात. पीआरएन सोळा अंकी असेल आणि यादी एक्सेलमध्ये साधी संख्या म्हणून उघडली, तर एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखते आणि सोळावा अंक शून्य करून टाकते. पडद्यावर ती संख्या दशांशचिन्ह आणि ई हे अक्षर असलेल्या संक्षिप्त रूपात दिसत असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. मग ज्यांचे पीआरएन फक्त शेवटच्या अंकात वेगळे आहेत अशा एकापाठोपाठच्या दहा विद्यार्थ्यांना एकच क्रमांक मिळतो, नऊ खाती तयार होत नाहीत आणि दोष मूडलला दिला जातो. त्यामुळे यादी लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडावी, उघडताना पीआरएनच्या स्तंभाचा प्रकार मजकूर असा निवडावा, आणि नावे देवनागरीत असतील तर फाइल युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपातच साठवावी. आपल्या हजेरीपटात आडनाव आधी येते. मूडलमध्ये नाव दाखवण्याचा क्रम बदलण्याची सोय आहे, तिचा उपयोग केला की गुणांची यादी आणि हजेरीपट शेजारी ठेवून ताडता येतात. पहिला पासवर्ड जन्मतारीख ठेवू नये, कारण ती वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक असते. पहिल्याच प्रवेशाला पासवर्ड बदलण्याची सक्ती करावी.

वर्गवार कोहॉर्ट म्हणजे कायमचे गट करून ठेवले, की द्वितीय वर्ष वाणिज्यचा सगळा वर्ग एका कृतीत अभ्यासक्रमाला जोडता येतो. हे काम एकदाच नीट करावे लागते; पुढची वर्षे ते आपोआप सोपे जाते.

अभ्यासक्रमाची मांडणी

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेत जे घटक आहेत, तेच मूडलमधले विभाग असावेत आणि त्यांची नावेही तीच असावीत. प्रत्येक विभागात वाचायला एक टिपण, सरावाला एक चाचणी आणि शंकांसाठी एक जागा एवढे पुरे. वीस पीडीएफ ओतून ठेवलेला अभ्यासक्रम विद्यार्थी एकदाच उघडतात, सगळे उतरवून घेतात आणि परत येत नाहीत.

मराठी माध्यमाच्या शिक्षकांपुढे इथे एक जुनी अडचण येते: वर्षानुवर्षांची टिपणे श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकित केलेली असतात. तो मजकूर मूडलमध्ये चिकटवला की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. त्याची पीडीएफ करून चढवण्याचा मोह आवरावा, कारण अशा पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि अंध विद्यार्थ्याचे एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. फॉन्ट परिवर्तक सॉफ्टवेअरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व इकार डोळ्यांखालून घालावेत. बहुतेक चुका तिथेच होतात. हे कष्टाचे काम आहे, पण एकदा केले की ते टिपण छापता येते, शोधता येते, ऐकता येते आणि पुढच्या शिक्षकाला सुधारताही येते.

शंकांच्या जागेसाठी मूडलमधला प्रश्नोत्तर प्रकारचा मंच वापरून पाहावा. त्यात विद्यार्थ्याने स्वतःचे उत्तर लिहिल्याखेरीज इतरांची उत्तरे दिसत नाहीत. मूळ मांडणीत उत्तर संपादित करण्यासाठी अर्ध्या तासाची मुभा असते आणि ती संपल्यावरच इतरांची उत्तरे उघडतात, हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे. नाहीतर बिघाड झाल्याच्या तक्रारी येतात. व्हिडिओ सर्व्हरवर चढवू नयेत, त्यांचे दुवे द्यावेत.

प्रश्नपेढी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

मूडलचा सर्वांत मोलाचा भाग कोणता, असे विचारले तर मी निःशंकपणे प्रश्नपेढीचे नाव घेईन. टिपणे कुठेही मिळतात. आपल्या अभ्यासक्रमावर, आपल्या विद्यार्थ्यांच्या नेमक्या चुकांवर बोट ठेवणारे तपासलेले प्रश्न मात्र कुठेच तयार मिळत नाहीत. एका विषयाच्या तीन शिक्षकांनी दर आठवड्याला थोडेथोडे प्रश्न घातले, तर दोन सत्रांत एवढा साठा होतो, की प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा संच देता येतो आणि कॉपीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. त्यासाठी प्रश्न घटकवार आणि काठिण्यानुसार वर्गांत ठेवावेत व चाचणीत एकेक प्रश्न निवडण्याऐवजी अमुक वर्गातून कोणतेही पाच, असे सांगावे. २०२५ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीपासून एकच प्रश्नपेढी अनेक अभ्यासक्रमांत वापरण्याची सोय अधिक सोपी झाली आहे.

प्रश्न एकेक करून भरणे कंटाळवाणे असते, म्हणून आयकेन नावाच्या साध्या मांडणीत ते टंकित करून एकदम चढवावेत. पहिल्या ओळीत प्रश्न, पुढच्या ओळींत पर्याय आणि शेवटच्या ओळीत बरोबर पर्यायाचे अक्षर, एवढीच ती मांडणी. समजा, प्रश्न आहे: रोखता पसंती सिद्धांत कोणी मांडला? पर्याय आहेत मार्शल, फिशर, केन्स आणि पिगू. हा मजकूर मराठीत चालतो, पण पर्यायांची अक्षरे इंग्रजी मोठीच (A, B, C, D) लागतात. सवयीने अ, ब, क, ड लिहिले की आयात होत नाही. उत्तराच्या ओळीतला ANSWER: हा ठरावीक शब्दही इंग्रजीतच हवा. मूळ मांडणीत एका प्रश्नात चूक सापडली तरी पूर्ण आयात थांबते, म्हणून सुरुवातीला दहा-दहा प्रश्नांच्याच फाइली चढवून पाहाव्यात.

या मांडणीत अभिप्राय लिहिता येत नाही, म्हणून आयात झाल्यावर प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी एक वाक्य आवर्जून घालावे. फिशर निवडणाऱ्या विद्यार्थ्याला नुसते चूक असे दिसण्यापेक्षा, त्यांचे नाव चलन संख्यामान सिद्धांताशी जोडलेले आहे आणि इथे व्याजदर व रोख बाळगण्याची इच्छा यांचा संबंध विचारला आहे, असे दिसले तर ती चाचणी शिकवणारी ठरते. सरावासाठीच्या चाचण्यांत कितीही वेळा प्रयत्न करू द्यावेत आणि उत्तर दिल्या दिल्या अभिप्राय दाखवावा. गुणांसाठीच्या चाचणीत तो चाचणीची मुदत संपल्यावरच उघडावा.

मराठी प्रश्नांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पर्यायांचा क्रम बदलण्याची सोय चालू असेल, तर वरीलपैकी सर्व हा पर्याय पहिल्या क्रमांकावरही येऊन बसू शकतो आणि प्रश्न हास्यास्पद होतो. असे पर्याय मुळातच टाळावेत. एका शब्दात उत्तर लिहायच्या प्रश्नात मूडल अक्षरशः तुलना करते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक, अनुस्वार किंवा वेगळ्या कळफलकावरून आलेला अर्धा र एवढ्यानेही बरोबर उत्तर चूक ठरू शकते. शक्य असलेली सगळी रूपे उत्तरांत भरावीत किंवा बहुपर्यायी प्रश्न विचारावा. संख्यात्मक प्रश्नात उत्तर देवनागरी अंकांत लिहिले तर ते संख्या म्हणून ओळखले जात नाही, म्हणून इंग्रजी अंक वापरण्याची सूचना प्रश्नातच द्यावी.

फोनवरचा विद्यार्थी

आपल्याकडचा बहुसंख्य विद्यार्थी मूडल फोनवरच उघडणार, हे धरून चालावे. प्रत्येक अभ्यासक्रम उघडण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, विद्यार्थ्याच्या खात्यातून पाहावा. मूडलच्या अ‍ॅपमध्ये टिपणे आधी उतरवून घेऊन नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतात, आणि सराव चाचणीही ऑफलाइन सोडवता येते. त्यासाठी चाचणीच्या मांडणीत तशी परवानगी द्यावी लागते. वेळेची मर्यादा ठेवता येत नाही आणि अभिप्राय शेवटीच दिला जाईल, असा प्रकार निवडावा लागतो. पाड्यावरून किंवा डोंगराळ गावातून एसटीने येणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या वायफायवर चाचणी उतरवून घेतो, घरी सोडवतो आणि दुसऱ्या दिवशी जोडणी मिळाली की ती पाठवतो. ही सोय माहीत नसल्यामुळे रेंज नसलेल्या मुलांना गैरहजर धरले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

अंतर्गत मूल्यमापन

गुणांसाठीची चाचणी घरी बसून देणाऱ्यावर पूर्ण नजर ठेवता येत नाही, हे आधीच स्वीकारावे. चाचणी चालू असताना संगणकावर दुसरे काही उघडू न देणारे सेफ एक्झाम ब्राउझर हे मुक्तस्रोत साधन मूडलशी जोडलेले आहे, पण ते अँड्रॉइडवर चालत नाही. म्हणून ते महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतच वापरावे. प्रयोगशाळेत संगणक कमी असतील, तर वर्गाच्या तुकड्या पाडाव्यात आणि मूडलमधल्या गटवार सवलतीने प्रत्येक तुकडीला वेगळी वेळ द्यावी. त्याने सर्व्हरवरचा ताणही विभागला जातो. नोंदणी झालेले दोन हजार विद्यार्थी सर्व्हरला जड नसतात, पण एकाच मिनिटाला चाचणी सुरू करणारे दोनशे विद्यार्थी असतात. पहिली गुणांची चाचणी घेण्यापूर्वी पूर्ण वर्गाची बिनगुणांची रंगीत तालीम घ्यावी.

गृहपाठ फोटोतून आला, तर शिक्षकाला मूडलमध्येच पीडीएफवर लाल शेरे मारता येतात. त्यासाठी सर्व्हरवर घोस्टस्क्रिप्ट हे पीडीएफ हाताळणारे सॉफ्टवेअर बसवलेले असावे. गुणपत्रिकेत प्रत्येक घटकाचे भारांश विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सत्राच्या सुरुवातीलाच घालावेत. सत्र संपत आल्यावर ते बदलले, की आधी दिसलेले गुण बदलतात आणि विद्यार्थ्यांचा विश्वास उडतो.

विद्यार्थ्यांची माहिती

मूळ मांडणीत विद्यार्थ्याचा मेल पत्ता त्याच अभ्यासक्रमातल्या सर्वांना दिसू शकतो. ही सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. विशेषतः मुलींना नको असलेले संदेश येऊ लागले, तर त्या व्यासपीठाकडे फिरकत नाहीत आणि कारणही सांगत नाहीत. आधार क्रमांक, जातीचा प्रवर्ग आणि पालकांचे फोन यांपैकी काहीही मूडलमध्ये भरू नये, कारण शिकवण्यासाठी त्यांची गरज नसते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग जोडण्यापूर्वी पालकांच्या संमतीबाबत संस्थेने कायदेशीर सल्ला घ्यावा.

वर्ष संपताना

संपलेला अभ्यासक्रम पुसू नये आणि त्यातच नवी तुकडीही घालू नये. त्याची विद्यार्थ्यांच्या नोंदींशिवाय प्रत काढून नव्या वर्षाचा अभ्यासक्रम तयार करावा आणि जुना फक्त लपवून ठेवावा. गुणांविषयी तक्रार आली किंवा नॅकच्या मूल्यांकनासाठी पुरावे मागितले गेले, तर तोच उपयोगी पडतो. विभागाच्या शिक्षकाने नोकरी सोडली, तर त्याचे खाते स्थगित करावे, काढून टाकू नये.

पूर्ण व्यासपीठाची राखीव प्रत रोज रात्री निघावी. तिच्यात विदासंच (डेटाबेस) आणि मूडलडेटा नावाचे फोल्डर, दोन्ही हवीत. पहिल्यात गुण व प्रश्न असतात, तर दुसऱ्यात विद्यार्थ्यांच्या फाइली, आणि एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग होत नाही. ही प्रत त्याच सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हरबरोबर तीही जाते, म्हणून आठवड्यातून एकदा ती वेगळ्या ठिकाणी न्यावी. दर सत्रात एकदा, देखभालीसाठी नेमलेल्या दुसऱ्या व्यक्तीने, पहिल्या व्यक्तीची मदत न घेता, ती प्रत एखाद्या जुन्या संगणकावर उघडून एका विद्यार्थ्याचे गुण आणि त्याने दिलेली एक फाइल दिसते का, हे पाहावे आणि तारखेसह त्याची नोंद कार्यालयाच्या वहीत करावी.